पूल, टॉप गिअरमध्ये

रविवार, १३ मार्च १९९४. सकाळी पावणेआठ. माधव नगर, आमच्या फाटकाशी.

गाडीत हजर: स्टिअरिंगवर दिनकर फणसे. त्यांच्या शेजारी माझा धाकटा दीर अविनाश, परीक्षक म्हणून. मागे माझे यजमान श्रीधर, गाडीचे मालक म्हणून. मधे शेजारचे मोघे काका, निवृत्त पोस्टमास्तर, केवळ वजन म्हणून. आणि खिडकीशी मी, वही घेऊन. एकूण पाच. गैरहजर: सुटं चाक, जॅक आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगा, कारण फणशांच्या मते या तीन वस्तू गाडीत फुकट बसून होत्या.

ही नोंद माझ्याच वहीतली आहे. मी शाळेत गणित शिकवते आणि शाळेचं वेळापत्रकही बरीच वर्षं मीच करते. घरी वाण्याची यादी, धोब्याची यादी, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कामांची यादी, सगळं वहीत असतं. काम झालं की त्यावर आडवी रेघ. माझी ही सवय फणशांनी आमच्या घरात आल्यापासून दहा मिनिटांत हेरली आणि पुढचं दीड वर्ष मला बिनपगारी कारकून करून ठेवलं. "लिहा, वहिनी," असं ते म्हणायचे आणि मी लिहायची. त्यांच्या ज्ञानाविषयी मला आदर नव्हता. पण वही माझी होती, आणि वही अर्धवट ठेवणं मला जमत नाही.

गाडी म्हणजे ती जुनी, बुटकी, फुगीर नाकाची, जिला सगळा मुलुख डुक्कर म्हणायचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. बदली होऊन चाललेल्या एका डॉक्टरांकडून श्रीधरने ती घेतली, मला न विचारता. चार माणसं बसली की ती फ्रीगंजच्या पुलावर धापा टाकायची. उज्जैन सपाट आहे. गावात चढ म्हणावा असा एकच, रेल्वेवरून जाणारा हा पूल. अलीकडे आम्ही, पलीकडे स्टेशन, देवास गेट आणि सगळं जुनं गाव. म्हणजे कुठेही जायचं तर पूल, आणि पूल म्हटला की तिसरा गिअर, मग दुसरा, मग मागच्या ट्रकचा हॉर्न आणि ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून केलेली विचारपूस.

फणसे आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. वय बावन्न. एका कापडमिलमध्ये ते अठ्ठावीस वर्षं फिटर होते, आणि मिल बंद पडून दोन वर्षं होत आली होती. पण मिलचा खाकी शर्ट ते रोज इस्त्री करून घालायचे. खिशात पेन खोचतात तसा व्हर्नियर कॅलिपर. कोणी मिस्त्री म्हणून हाक मारली तर ती त्यांना ऐकू यायची नाही. इंजिनियरसाब म्हटलं की तीन घरं पलीकडून यायची. घरात त्या दोन वर्षांत बायकोचं शिवणयंत्र चालत होतं, आणि तेवढ्या एका यंत्राविषयी फणशांनी कधी मत दिलेलं मी ऐकलं नाही. बाकी जगातल्या सगळ्या यंत्रांविषयी त्यांचं मत तयार होतं.

ते दिवस असे होते की दर महिन्याला कॉलनीत कोणाकडे तरी काहीतरी नवं यायचं. गच्चीवर वाहिन्यांची तबकडी, कोपऱ्यावर फोनचा पिवळा बूथ, डॉक्टरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दारात पांढऱ्या, हलक्या, नव्या छोट्या गाड्या. फणसे त्यांना बिस्किटांचे डबे म्हणायचे. "झाकण काढा वहिनी, आत कागदात गुंडाळलेलं इंजिन सापडेल." असा डबा आम्हाला परवडत नव्हता हे श्रीधरला माहीत होतं आणि फणशांनाही. श्रीधरचा स्वाभिमान जपायला त्यांनी एक वाक्य तयार ठेवलं होतं, ते माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: 'ताकद विकत घ्यायची नसते. इंजिनात अडकलेली असते, ती सोडवायची असते.' त्याखाली पाच कामं. हवेचा रस्ता मोठा करणे, धुराचा रस्ता मोठा करणे, पंखा हलका करणे, हेड घासून घेणे, फालतू वजन काढणे. सगळं घरच्या घरी, सगळा माल जुन्या बाजारातला. असं दर रविवारी एक काम धरलं तर पाच रविवारांत गाडी डब्यांना मागे टाकणार होती. मी पाच रविवार मोजून तारीख लिहिली. ती तारीख किती वेळा खोडली ते आता वाचता येत नाही, कागद फाटलाय.

बोनेट उघडलं की फणसे आधी काही करत नसत. हातभर लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. पाच मिनिटं. श्रीधर शेजारी देवळात उभं राहावं तसा गप्प. मग निदान व्हायचं, आणि ते नेहमी एकच असायचं. "नाराज आहे." गाडी बिघडली असं फणशांनी कधी म्हटलं नाही. ती नाराज असायची. प्रयोग फसला असंही म्हटलं नाही. प्रयोग 'पूर्ण' व्हायचा. पूर्ण झालेल्या प्रयोगांनी माझी चौदा पानं भरली आहेत. काम संपलं की हात आधी घासलेटने आणि मग बेसनाने धुवायचे. घासलेट ते घरून आणायचे. बेसन माझं.

पहिला प्रयोग धुराच्या रस्त्याचा. गाडीचा बारीक सायलेन्सर काढून फणशांनी तिथे ट्रॅक्टरचा जाडजूड नळ बसवला. गाडीला ताकद आली की नाही हे कळायला मार्ग नव्हता, पण आवाज असा आला की मोघे काकांच्या घरातल्या बरण्या वाजल्या. संध्याकाळी आम्ही तिघं फ्रीगंजच्या घड्याळाच्या टॉवरपाशी पोचलो तर एक नवराबायको पिशव्या घेऊन उभे होते. त्यांनी हात दाखवला. श्रीधरने गाडी हळू केली.

"नानाखेड़ा जाओगे?" बाईंनी विचारलं.

"ये टेम्पो नहीं है, बहनजी," श्रीधर म्हणाला.

"आवाज तो टेम्पो की है," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळून, "बैठो जी, नखरे कर रहा है."

मला वाटलं, आता फणसे शरमतील. ते मागून वाकले आणि दार उघडून म्हणाले, "आओ, उधर ही जा रहे हैं." आम्ही अजिबात तिकडे चाललो नव्हतो. सिनेमाचं तिकीट वाया गेलं.

हा फणशांचा आणखी एक नियम, त्यांनी न सांगता मी लिहून ठेवलेला. गाडीत जागा आहे आणि रस्त्यावर माणूस उभं आहे, तर थांबायचं. "जागा घेऊन माणसासमोरून जाणं बरं दिसत नाही," म्हणायचे. खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या मराठी मंडळींनाच हे वेड होतं. गाड्या मोजक्या, माणसं ओळखीची, कोणी न थांबता गेलं तर पुढच्या गणपतीपर्यंत विषय पुरायचा. पण बाकीचे निदान आपल्याला उशीर होत नाही ना हे बघून थांबायचे. फणसे रेल्वेचं फाटक पडत असताना थांबायचे, औषध आणायला निघालेले असताना थांबायचे, एकदा तर अंत्ययात्रेला चाललेलो असताना थांबले आणि त्या माणसाला आधी दूध डेअरीवर सोडलं.

पंख्याची गोष्ट थोडक्यात सांगते. लोखंडी पंखा फिरवण्यातच इंजिनची निम्मी ताकद जाते, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून त्यांनी आमच्या जुन्या कूलरचं ॲल्युमिनियमचं पातं काढलं, भोकं पाडली आणि इंजिनला बसवलं. हलकं होतं, छान फिरत होतं. देवास रोडवर श्रीधरने जरा वेग घेतला तेव्हा ते पातं वाऱ्याने पुढे वाकलं आणि रेडिएटरला लागलं. किसणीवर नारळ घासावा तसा आवाज आला आणि मग समोरून गरम पाण्याचं कारंजं. श्रीधरच्या मावशीकडे साखरपुडा होता. आम्ही एका ट्रॉलीत उसावर बसून पोचलो. रात्री फणसे आले, वाकलेलं पातं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "सिद्धांत बरोबर आहे. पातं नाराज झालं." उन्हाळ्यात मी कूलर लावायला गेले तेव्हा मला त्या सिद्धांताची फार आठवण आली.

आणि हेड. ही गोष्ट मात्र विस्ताराने लिहायला हवी, कारण पुढे तिच्याशी काम आहे. इंजिनच्या वरचं जे जड झाकण, ते हेड. ते खालून थोडं घासलं की आतली जागा कमी होते, पेट्रोलचा भडका जास्त दाबाने होतो आणि जोर वाढतो. हे पुस्तकातही आहे, मी शाळेच्या वाचनालयात पाहून घेतलं. फणशांनी हेड उचललं, मिलमधल्या त्यांच्या ओळखीच्या खरादीकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, सायकलवर नेलं आणि घासून आणलं. किती घासायचं यावर दोघांची चर्चा झाली म्हणे. दोघेही उदार स्वभावाचे. गाडी सुरू झाली ती खिळे भरलेला डबा हलवावा तशी वाजायला लागली. चढावर तर टकटक इतकी की मोघे काका म्हणाले, "फणसे, आत कोणी आहे का? दार उघडा बिचाऱ्याला."

"दाब जरा जास्त झाला," फणसे म्हणाले. हा त्यांनी दिलेला सर्वात मोठा कबुलीजबाब. उपाय म्हणून त्यांनी हेडखालच्या फटीत बसणारं पातळ गॅस्केट एकाच्या जागी दोन घातली, म्हणजे घासून जितकी जागा कमी केली तितकी पुन्हा वाढवली. आम्ही जिथून निघालो तिथेच परत आलो होतो, फक्त मधे तीन आठवडे गेले होते आणि हेड पूर्वीपेक्षा पातळ झालं होतं. "लिहा, वहिनी," ते म्हणाले. "प्रयोग पूर्ण."

जानेवारीत अविनाशने जाहीर केलं की तो नानाखेड्याला वर्कशॉप काढतोय. नव्या गाड्यांचं. गाडी वर उचलणारी लिफ्ट येणार, काउंटर येणार, काउंटरवर टाय लावलेला माणूस येणार. आणि कामावर नजर ठेवायला एक अनुभवी माणूस हवा होता, कारण अविनाशला गाड्या विकता येत होत्या, त्यातलं काही कळत नव्हतं.

दोन दिवसांनी, आडवारी, फणसे आमच्याकडे आले. खिशात कॅलिपर नव्हता. चहा समोर ठेवला तो तसाच राहिला, त्यावर साय धरली.

"वहिनी, तुमच्या यादीत माझं एक काम घाला."

"कसलं?"

"दाखला. शाळेतून देता तसा. गाडी आधी काय होती, मी काय केलं, आता काय आहे. तुमच्या सहीचा. अविनाश माझं ऐकून घेणार नाही. तुमची सही मानतो."

"भाऊ, वहीत काय आहे तुम्हाला माहीत आहे. तेच लिहिलं तर तुम्हाला सायकलसुद्धा कोणी हातात देणार नाही."

ते हसले नाहीत. "बावन्नाव्या वर्षी मला कोण बोलावून राहिलंय?" म्हणाले. "दोन वर्षं झाली, सकाळी भोंग्याच्या वेळेला जाग येते आणि मग काय करायचं ते कळत नाही. ही एकच जागा आहे जिथे मी चालेन. खोटं नका लिहू. पाच माणसं घेऊन पूल टॉपमध्ये चढला, मधे गिअर बदलला नाही, तर लिहा. नाही चढला तर नका लिहू."

हे मला पटलं. मी यादीत लिहिलं: 'फणसे, दाखला. (पूल टॉपमध्ये चढल्यावर.)' श्रीधरने अविनाशला गळ घातली. अविनाश नव्या माणसांसारखा हिशेबी, पण भावाला नाही म्हणता येईना. "ठीक आहे," तो फणशांना म्हणाला. "पाच जण. टॉपमध्ये. चढली तर काका, सोमवारपासून या."

मग जी तयारी झाली तिच्यापुढे आमच्या बोर्डाच्या परीक्षा काहीच नाहीत. फणशांनी आम्हा सगळ्यांना स्टेशनवर नेऊन वजनाच्या यंत्रावर उभं केलं. तिकिटं माझ्या वहीत चिकटवलेली आहेत. मोघे काका ब्याण्णव किलो, मागे भविष्य: 'आपण लवकरच उंच पदावर जाल.' माझं वजनही आहे, इथे देत नाही. सुटं चाक निघालं, जॅक निघाला. मागच्या सीटच्या स्प्रिंगा काढून तिथे फळी आणि सतरंजी आली. त्या फळीवर मोघे काका दर खड्ड्याला माझ्या यजमानांच्या अंगावर यायचे.

तर तो रविवार. गाडी सुरू झाली, गरम झाली. अविनाशने घड्याळ पाहिलं. फणशांनी पेचकस कानाला लावला, बोनेट बंद केलं आणि शर्टाला हात पुसून आत बसले. त्यांच्या मानेवर घाम होता. मार्चच्या सकाळी, पावणेआठला.

"काका, टेन्शन नका घेऊ," अविनाश म्हणाला.

"इंजिन नाराज नाही आज," ते म्हणाले.

युक्ती अशी होती की सरळ रस्त्यावर वेग घ्यायचा, पुलाच्या पायथ्याच्या बऱ्याच आधी टॉप टाकायचा आणि त्याच जोरावर चढ घ्यायचा. रस्ता मोकळा होता. फणशांनी दांडा खाली ओढला. टॉप. मी लिहिलं: टॉप, सात सत्तावन्न. गाडी खरोखरच बरी चालली होती. मोघे काकांनी श्वास रोखून धरला होता, जणू त्याने वजन कमी होणार होतं. पूल समोर दिसायला लागला.

पायथ्याशी डावीकडे उपासनी उभे होते.

उपासनी म्हणजे मिलमधले फणशांचे साहेब. मिल बंद पडायच्या सहा महिने आधी ज्यांना घरी बसवायचं त्यांची पहिली यादी निघाली. ती उपासनींनी केली होती आणि त्यात तिसरं नाव फणशांचं होतं. या माणसाविषयी मी दीड वर्ष दर रविवारी ऐकत आले होते. त्याला यंत्र आणि यंत्रावरची धूळ यातला फरक कळत नाही. तो तेलाची बुधली उलटी धरतो. त्याच्या हाताखाली मिल बंद पडली नाही, लाजेने बसली. असं बरंच. आता तो माणूस पांढऱ्या सदऱ्यात, नव्या गव्हाचं अर्धं पोतं पायाशी ठेवून रिक्षा शोधत होता. रिक्षा नव्हती. त्याने गाडी पाहिली, हात दाखवलाही नाही. फक्त पाहिलं.

फणशांनी ब्रेक लावला.

"काय करताय?" श्रीधर मागून ओरडला.

फणसे उतरले होते. "साहेब, पोतं मी घेतो. बसा." पोतं डिकीत गेलं. डिकीत जागा होती, कारण सुटं चाक घरी होतं. पुढची सीट सलग, त्यामुळे अविनाश मधे सरकला आणि उपासनी खिडकीशी बसले.

"सगळे एवढ्या सकाळी कुठे?" उपासनींनी विचारलं.

"असंच, पलीकडे," फणसे म्हणाले. त्यांनी पहिला गिअर टाकला.

सहा माणसं आणि गव्हाचं पोतं घेऊन, थांबल्या जागेवरून, गाडीने तो पूल पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढला. मधे एक सायकलवाला आमच्या पुढे गेला आणि मागे वळून हसला. माथ्यावर रेडिएटरची वाफ निघाली. तेवढ्या वेळात पुढे गप्पा रंगल्या होत्या. उपासनी सांगत होते की मिलचं स्टोअर ते कसं ठेवायचे, कोणता नट कोणत्या खणात हे त्यांना झोपेतही सांगता यायचं, कारण प्रत्येक खणाला नंबर होता. अविनाश ऐकत होता. टाय लावलेला माणूस त्याला सापडला होता. टाय तेवढा आणायचा राहिला होता.

देवास गेटपाशी अविनाशने सगळ्यांना पोहे खाऊ घातले. जिलेबी आली तोपर्यंत उपासनी नानाखेड्याला येऊन वर्कशॉप बघायला तयार झाले होते. फणसे उभे राहून पोहे खात होते, प्लेटमधली शेव बाजूला करत.

"आणि आपलं ते?" श्रीधरने भावाला विचारलं.

"काका, बघू ना," अविनाश फणशांकडे वळून म्हणाला. "पुन्हा एकदा ट्रायल घेऊ. घाई काय आहे?"

"घाई काहीच नाही," फणसे म्हणाले.

परत येताना गाडीत मी, श्रीधर आणि ते एवढेच होतो. माझा संताप आवरला नव्हता. "भाऊ, का थांबलात?"

"साहेब उभे होते."

"तेच साहेब ना? बुधली उलटी धरणारे?"

"दुसरे कुठून आणू? पोतं होतं त्यांच्याकडे."

मूर्खपणाला याहून स्वच्छ उत्तर मी ऐकलेलं नाही. त्या दिवशी ते 'लिहा, वहिनी' म्हणाले नाहीत. मी आपणहून लिहिलं: 'चढ झाला नाही. कारण: उपासनी.' एप्रिलच्या एक तारखेला उपासनी वर्कशॉपचे मॅनेजर झाले. ट्रायल पुन्हा झाली नाही. मी दाखला लिहिला नाही. अट ठरली होती आणि ती पुरी झाली नव्हती. अविनाशला चार शब्द सांगता आले असते, पण तशी अट नव्हती.

दोन रविवार फणसे आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, हातात तांब्याचा पातळ पत्रा. श्रीधर पेपर वाचत होता. त्याला न उठवता मला म्हणाले, "वहिनी, आता कोणाला दाखवायचं नाही. आता नीट करू."

दिवसभर बसून त्यांनी कॅलिपरने मोजून पत्र्यातून कातरीने एकच गॅस्केट कापलं, मूळच्या एकापेक्षा जाड पण दोनांपेक्षा पातळ, कानशीने कडा घासल्या आणि त्या दोनांच्या जागी बसवलं. ट्रॅक्टरचा नळ काढून जुना सायलेन्सर लावला. लोखंडी पंखा तर आधीच परत आला होता, तो तेल देऊन घट्ट केला. सुटं चाक, जॅक, स्प्रिंगा जागच्या जागी. हवेची मोठी केलेली चाळणी काढून मूळची धुऊन घातली. पाच कामांपैकी चार त्यांनी स्वतःच्या हाताने उलटी केली आणि हेडचं तेवढं राहिलं. दीड वर्षांचं फलित म्हणून मी हे ठळक अक्षरांत लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय." मग बेसन मागितलं.

मेमध्ये श्रीधरची बहीण आणि मेहुणे आले होते. त्यांना स्टेशनवर सोडायला निघालो. गाडीत हजर: श्रीधर, मेहुणे, नणंद, सासूबाई, मी. शिवाय दोन बॅगा आणि आंब्यांची पेटी. नणंद म्हणत होती गाडी सव्वापाचची, श्रीधर म्हणत होता पावणेसहाची. दोघं इतके भांडत होते की पूल आला तरी श्रीधरचा हात दांड्याकडे गेला नाही. मी पाहत होते. टॉप होता. मला वाटलं आता धडधडेल, आता टकटक होईल. काही झालं नाही. गाडी चढत राहिली, न कुरकुरता, माथ्यापर्यंत, आणि पलीकडे उतरली. श्रीधर तोवर सव्वापाच मान्य करण्याच्या बेतात होता.

"गिअर बदलला नाहीस," मी म्हटलं.

"हो का?" तो म्हणाला. "अरे, चढली की."

मी प्लॅटफॉर्मवर उभं राहून नोंद केली. पूल. टॉप. पाच माणसं आणि सामान. गिअर न बदलता. खाली दुसऱ्या दिवसाच्या कामांत लिहिलं: 'फणशांना सांगणे. दाखला लिहिणे.' दुसऱ्या दिवशी पूरक परीक्षेचे पेपर आले. तिसऱ्या दिवशी पाण्याची टाकी धुवायची ठरलेली होती.

चौथ्या दिवशी दुपारी मी पेपरांचे गठ्ठे घेऊन रिक्षाने देवास गेटवरून चालले होते. बसस्टँडच्या तोंडाशी आगर गावाला जाणारी बस उभी होती, बोनेट उघडं, इंजिन चालू. फणसे वाकलेले होते, पेचकसाची मूठ कानाला, डोळे मिटलेले. खाकी शर्ट. पायाशी पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. ड्रायव्हर कंबरेवर हात ठेवून उभा.

"अंकल, निकलना है," तो म्हणत होता.

"नाराज है तुम्हारी," फणसे म्हणाले, डोळे न उघडता.

"नाराज तो सवारियाँ भी हैं. बैठ जाओ अब."

मला वाटलं, कुठे चालले असतील, येतील दोन दिवसांत. अडीचला गठ्ठे पोचवायचे होते. रिक्षात माझ्या शेजारी जागा होती. रिक्षावाल्याने माझ्याकडे वळून पाहिलं, कारण मी पुढे सरकून बसले होते. मी त्याला म्हटलं, चला.

आगरच्या पुढे कुठेतरी मळणीयंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडे त्यांना काम मिळालं, हे त्यांच्या बायकोकडून नंतर कळलं. दिवाळीत तीही शिवणयंत्र घेऊन गेली. घराला आता दुसरे भाडेकरू आहेत. गाडी अजून आमच्याकडे आहे आणि पूल टॉपमध्येच चढते. श्रीधर पाहुण्यांना सांगतो की मूळचं इंजिनच दणकट. मी एकदा मधे पडून त्याचं वाक्य दुरुस्त केलं, पाहुण्यांना काही कळलं नाही.

दाखल्याचा मजकूर तयार आहे, सात ओळी, त्यातली एकही खोटी नाही. दर जानेवारीत नवी वही काढते तेव्हा तो पहिल्या पानावर उतरवते. यंदाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आहे: 'फणसे, दाखला.' पत्ता नाही. मिलच्या सगळ्या माणसांचे पत्ते उपासनींकडे आहेत, नंबर घातलेल्या खणात, असं अविनाश म्हणतो. म्हणून पाचव्या क्रमांकावर 'उपासनींना पत्ता विचारणे'. ते झाल्याशिवाय चौथं होत नाही, आणि ते अजून झालेलं नाही.